ताणावरची बाग, पांढरीतली मडकी

पौष लागला की पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये माझा घसा कोरडा पडतो. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसतील, म्हणून सांगत नाही. बाटलीतलं पाणी पिऊन ही कोरड भागत नाही, कारण ती खिडकीबाहेर असते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे उभे असतात आणि त्यांचं पाणी तोडलेलं असतं. पानं आधी काळपट होतात, मग आत वळतात, मग एकेक पिवळं पडून खाली येतं. विहिरीला पाणी असतं, मोटार चालू असते, शेजारच्या गव्हात पाटानं पाणी खेळत असतं. झाडं नुसती उभी असतात.

परवा माझ्या शेजारी बसलेल्या एका पाहुण्या बाईंनी विचारलंच, "रोग पडला का हो या बागांवर?"

मागच्या सीटवरचे आजोबा खुसखुसले. "रोग नाही बाई, ताण देऊन राहिले त्याईले. उपाशी ठेवल्याबिगर फुलत नाही ते."

"म्हणजे मुद्दाम?"

"मंग! तुमच्याइकडं पोरांची परीक्षा नाही घेत काय?"

आजूबाजूचे चार लोक हसले. मला हसू आलं नाही. ताण ही काय चीज आहे हे मी एका वर्षी फार जवळून पाहिलं आहे, आणि त्या वर्षापासून मला त्यावरचा विनोद सोसत नाही.

ताणाचं गणित तसं सोपं सांगतात. पावसाळ्यानंतर झाडाचं पाणी तोडायचं, त्याला तहानेनं व्याकूळ करायचं आणि नेमक्या वेळी पाणी सोडायचं. मग ते जिवाच्या आकांतानं फुलतं. पण ती नेमकी वेळ कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. पाणी लवकर दिलं तर झाड नुसती पालवी फेकतं, फूल धरत नाही आणि अख्खा बहार जातो. उशीर झाला तर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, आणि मग बहार सोडा, झाडच हातचं जातं. मुरमाच्या हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत फार उशिरा. एकाच मालकाच्या एकाच बागेत दोन तऱ्हेची जमीन असली, की त्या घरात पौष महिन्यात कोणी कोणाशी सरळ बोलत नाही.

इंदूकाकूंची बाग तशी होती. सौंसरहून मोहगावकडे जाताना आत वळलं की नदीच्या काठावर एक बुटकं, पसरट टेकाड होतं. वरच्या अंगाला विहीर, खालच्या अंगाला मुरमाची बाग, आणि टेकाडाच्या उतारावर पांढरीची बाग. काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं, असं आपल्याकडे म्हणतात. पांढरी म्हणजे माणसं राहून गेलेल्या जागेची माती. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, खचलेल्या भिंती, चुली, सारवणं, सगळं मिसळून ती भुरकट आणि भुसभुशीत होते. पाय ठेवला की थोडा आत जातो. गावातले लोक ती माती गाडीनं भरून शेतात नेऊन टाकायचे, खतासारखी. खत कुणाचं, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता.

तो आमच्या सरांना पडला. सर उत्खनन करणारे, नागपूरकडचे, फार सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांना त्या उतारावर लाल खापरं सापडली, त्यांवर काळ्या रंगाच्या रेघा, जाळ्या, पानासारखी नक्षी. लोखंड या मुलखात पोचायच्या आधी इथं शेती करणारे, मडकी घडवणारे लोक राहत होते, त्यांची ही पांढरी. मी नुकतीच शिकून आले होते आणि खापरं धुणं, जुळवणं, त्यांची चित्रं काढणं हे माझं काम होतं. सरांनी काकूंकडून झाडांच्या मधली थोडी मोकळी जागा मागून घेतली, तिथं एक चौकोनी खड्डा आखला, आणि मला काकूंच्या घरात एक खोली मिळाली.

घरात माणसं दोनच, काकू आणि त्यांचा मुलगा विलास. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. पांढरीची बाग काकू आणि काकांनी मिळून लावलेली होती. तेव्हा विहीर नव्हती, पहिल्या उन्हाळ्यात काकूंनी नदीवरून डोक्यावर घागरी आणून ती रोपं जगवली. हे मला विलासनं सांगितलं. काकू स्वतःबद्दल काही सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांच्याशी बोलणं म्हणजे एक प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट पाहत एक भाकरी खाऊन संपवायची.

आम्ही आलो तेव्हा गावाला एकच उत्सुकता होती. बसमध्ये, चक्कीवर, किराण्याच्या दुकानात मला रोज विचारणा व्हायची, "ताई, निघालं काय सोनं?" मी म्हणायची, खापरं निघाली. "खापरं तं आमच्याइथं पावसात बी निघते," असं म्हणून माणूस खट्टू होऊन वळायचा. पुढेपुढे मीही चिडून सांगायला लागले, की हो, निघालं, सर डब्यात घालून रोज नागपूरला नेतात. त्यानंतर आठवडाभर सरांच्या जेवणाच्या डब्याकडे लोक फार आदरानं पाहत होते.

पण खरं सांगते, त्या खड्ड्यात मला जे मिळालं ते सोन्यात मिळालं नसतं. एका थराखाली दुसरा थर. सारवलेली जमीन, तिच्यावर राख, तिच्यावर पुन्हा सारवण. कुणीतरी दरवर्षी घर सारवत होतं. चुलीच्या काठाशी जळालेले मसुरीचे दाणे, बोरांच्या बिया. एका मोठ्या रांजणाच्या काठाखाली ओळीनं बोटं दाबून केलेली नक्षी होती. मी माझं बोट त्या खळग्यात ठेवून पाहिलं, ते सैल बसलं. करणाऱ्याचं बोट माझ्यापेक्षा जाड होतं. दिवसभर मला त्या बोटाचाच विचार. हात ओला असेल, माती गार असेल, पलीकडे कोणी तरी हाक मारत असेल आणि हे माणूस म्हणत असेल, थांब, एवढा काठ होऊ दे. इतिहास वाचून मला कधी रडू आलं नव्हतं, त्या खळग्यांनी आलं.

इकडे खड्डा खोल जात होता आणि तिकडे बाग वाळत होती. विलास रोज संध्याकाळी मुरमाच्या बागेत फिरून झाडांच्या बारीक काड्या मोडून पाहायचा. काडी वाकली तर झाडात ओल आहे. कट्‌ आवाज झाला तर ताण बसला. सुरुवातीला तो आवाज अधूनमधून यायचा. मग रोज यायला लागला. मी अंगणात खापरं धूत बसलेली असायची आणि तिकडून कट्‌, कट्‌ ऐकू यायचं. माझ्या हातातलं पाणी मला चोरीचं वाटायला लागलं होतं.

पांढरीच्या बागेत मात्र तो आवाज येत नव्हता. राखेची माती ओल सोडत नाही. ती झाडं मुरमाच्या झाडांपेक्षा कितीतरी उशिरा सुकत. त्यांना आणखी बरेच दिवस कोरडं ठेवावं लागणार होतं, आणि दरवर्षी सगळ्यात भरघोस बहार यायचा तो त्यांनाच.

अशा दिवसांत एका सकाळी खड्ड्याच्या कोपऱ्यात, एका सारवणाच्या खाली, गोल काठ दिसला. सरांनी माझ्या हातातली कुंचली घेतली. थोडी माती सरकवली आणि थांबले. मग दुसऱ्या बाजूनं सरकवली.

"दोन आहेत," ते म्हणाले. "आडवी. तोंडाला तोंड लावून."

मला पुस्तकातून माहीत होतं ते असं समोर येईल असं वाटलं नव्हतं. हे लोक आपलं तान्हं मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना जुळवून, आपल्याच घराच्या जमिनीखाली पुरत. वर पुन्हा सारवत. आणि तिथंच राहत.

काकू आमच्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "काय हाय त्याच्यात?"

सर माझ्याकडे पाहायला लागले. मग मीच सांगितलं, "काकू, लेकरू असावं. तान्हं."

"घरातच पुरलं?"

"हो. घरातच."

काकूंनी पदर सारखा केला, चहाची केटली काठावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर दोन दिवस त्या खड्ड्याकडे फिरकल्या नाहीत.

मडकी काढणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसण्यासारखं काम. कमी आचेवर भाजलेली माती, हजारो वर्षं ओलीत राहिलेली. आजूबाजूची माती बांबूच्या काडीनं कणाकणानं सोडवायची, मडक्यांना हवेची सवय होऊ द्यायची, मग कापड आणि प्लास्टर गुंडाळून आख्खी उचलायची. घाई केली की तडा. आणि पाणी लागलं तर संपलंच. मडकं चहातल्या बिस्किटासारखं बसणार आणि आतली हाडं मातीत मिसळून जाणार. तान्ह्या मुलाचं हाड असतंच केवढं.

आणि पाणी तर याच वाटेनं येणार होतं. विहिरीपासून मुरमाच्या बागेपर्यंत पाण्याचा मातीचा पाट होता, इकडे त्याला दांड म्हणतात. तो दांड आमच्या खड्ड्याला अगदी लागून जात होता. एका अंगाला खड्डा, दुसऱ्या अंगाला पांढरीची बाग. बागेत ठिबकच्या नळ्या होत्या, पण ताण तोडायचं पहिलं पाणी दांडानंच द्यायचं, झाडाला पोटभर, असा काकूंचा कायदा होता. महिनोन्‌महिने कोरडा पडलेला दांड भेगांनी आणि उंदरांच्या बिळांनी भरलेला. त्यात पाणी सुटलं की त्यातलं खड्ड्यात किती येईल हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

सरांनी विलासकडे थोडे दिवस मागितले. ओसरीवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी पोरीसाठी स्थळ मागायला आल्यासारखे.

"सर, झाड बोलत नाही म्हणून त्याले तहान नाही काय?" विलास म्हणाला. "शेंडे वाळून राहिले मुरमातले. अजून थांबलो तं बहार नाही, झाडं बी नाही."

"मला कळतं हो विलासराव."

"नाही कळत. कळलं असतं तं मांगितलं नसतं."

विलास वाईट माणूस नव्हता. मला त्याचा राग येत होता आणि राग येतो याचाही राग येत होता, कारण त्याचं काही चुकत नव्हतं. जिवंत झाडं की मेलेलं लेकरू, असं कोणी मला सरळ विचारलं असतं तर मीही खाली मान घातली असती. शेवटी चुलीपाशी बसलेल्या काकू बोलल्या.

"सोमवारी पाणी सुटते. मडकं निघो का नको निघो."

तो शेवटचा शब्द होता. विलास उठून बागेत गेला आणि थोड्या वेळानं कट्‌ आवाज आला.

आता बसमधून जाताना वाटतं, ते सगळे दिवस आम्हीही ताणावरच होतो. झोप नाही, जेवणात लक्ष नाही. उठल्याबरोबर खड्ड्यावरचं प्लास्टिक उचलून मडकी पाहायची. सर तर स्वतःशी बोलायला लागले होते. पण झाडाच्या ताणाला कारण असतं, त्याच्या शेवटी फूल असतं. आमच्या ताणाच्या शेवटी काय होतं? एक मेलेलं मूल, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं. हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त ती मडकी कोरडी हवी होती.

शनिवार उजाडला. मडकी तीन बाजूंनी मोकळी झाली होती. सर सकाळच्या बसनं नागपूरला गेले, प्लास्टर आणि लाकडी पेटी घेऊन संध्याकाळी परतायचे होते. रविवारी उचलायची असं ठरलं होतं. विलास जामसांवलीला निघाला. पहिलं पाणी सोडायच्या आधी मारुतीला नारळ, हे त्या घरात चुकत नसे. निघण्यापूर्वी त्यानं विहिरीवरचा पाइप दांडाला जोडून ठेवला, सोमवारी घोळ नको म्हणून. मोटारीच्या पेटीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

आणि पेटीतलं बटण ऑटोवर ठेवून गेला.

मुद्दाम नाही, हे मी शपथेवर सांगेन. आमच्याकडे शेतातली लाईट पाळीनं येते. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती, पण लाईट कधी न सांगता भरदुपारीही येते. थंडीत रात्री उठून विहिरीवर कोण जाणार, म्हणून लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी अशी सोय केलेली असते, आणि गव्हासाठी विलासची मोटार रोज तशीच चालत होती. बोटाला सवय लागलेली. बटण ऑटोवर टाकणं म्हणजे दार ओढून घेण्यासारखं झालं होतं. आमच्या भागातला कुठलाही माणूस हीच चूक करील.

दुपारी मजूर जेवायला गेले होते. मी खड्ड्यात बसून मडक्यांच्या खालची माती काडीनं काढत होते. काकू पांढरीच्या बागेत फावड्यानं झाडांची आळी नीट करत होत्या. ऊन चांगलं होतं, कुठंतरी दूर कापूस वेचणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं. आणि विहिरीकडून घरघर आली.

मी आधी ओळखलंच नाही. काकूंनी ओळखलं. त्या ओरडल्या, "पोरी! लाईट आली! मोटार बंद कर जा!"

मी खड्ड्याबाहेर कशी आले आठवत नाही. विहिरीकडे धावताना दांडातून येणारं पाणी मला समोरून भेटलं. ते सावकाश येत होतं, भेगा पिऊन घेत होत्या, पुढे फेस आणि काड्या, आणि त्याच्याही पुढे जीव घेऊन पळणाऱ्या मुंग्या. पेटीला कुलूप होतं. मी दगड घातला. पुन्हा घातला. कुलूप हललंसुद्धा नाही. विलासला फोन लावला, घंटी जात राहिली. शनिवारी जामसांवलीच्या गर्दीत कुणाला फोन ऐकू येतो? खांबावरचा फ्यूज ओढायचं मला येत नव्हतं, आणि येत असतं तरी हिंमत झाली नसती. मी तशीच मागे धावले. पाणी माझ्या बाजूनं चाललं होतं आणि आता ते धावत होतं.

खड्ड्यापाशी ते पोचलं होतं. दांडाच्या आमच्याकडच्या कडेला उंदराचं बीळ होतं, त्यातून बोटाएवढी धार सुटली होती आणि खड्ड्याच्या भिंतीवरून खाली उतरत होती. काकूंनी तिथं मातीची ढेकळं टाकली. धार बाजूनं फुटली. त्यांनी पाय रोवला. पायाच्या दोन्ही अंगांनी पाणी यायला लागलं. मी ओंजळीनं माती टाकत होते आणि मूर्खासारखी "काकू, काकू" म्हणत होते.

काकूंनी एकदा पांढरीच्या बागेकडे पाहिलं. त्या झाडांना अजून ताण बसलेला नव्हता. आत्ता पाणी म्हणजे यंदाचं फूल नाही, हे मला ठाऊक होतं, तर त्यांना नसेल? मग त्यांनी पाय काढला, वळल्या, फावडं उचललं आणि दांडाची पलीकडची कड फोडली.

एक घाव, दुसरा, तिसरा. माती ओलीच होती, लगेच खचली. सगळं पाणी तिकडे वळलं आणि उतारावरून झाडांमध्ये पसरत गेलं, एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात. त्या सकाळपासून काकूंनी ती आळी किती नीट करून ठेवली होती! आमच्याकडची धार बारीक झाली, मग ठिबकली, मग थांबली.

मी खड्ड्यात उतरून पाहिलं. भिंतीवर ओला पट्टा आला होता आणि खाली थोडं डबकं साचलं होतं. मडक्यांपासून ते वीतभर लांब राहिलं होतं. मला आनंद झाला. इतका झाला की मी मोठ्यानं ओरडले, "वाचलं काकू, वाचलं!" वर पाहिलं तर काकू दांडावर बसल्या होत्या, पाय पाण्यात, आणि आपल्या झाडांना पाणी पिताना बघत होत्या. मी तोंड मिटलं.

विलास आला तेव्हा लाईट गेलेली होती. हातात नारळाचा प्रसाद, कपाळावर शेंदूर. बागेत साचलेलं पाणी पाहून तो जागीच थांबला.

"माय, हे काय झालं?"

"लाईट आली. मोटार ऑटोवर होती."

त्याचा चेहरा पडला. मग त्याला फोडलेला दांड दिसला. "पण इकडं काहून फोडलं? तिकडं जाऊ द्यायचं होतं!"

"तिकडं लेकरू होतं ना."

"मेलेलं लेकरू, माय!"

"हो," काकू म्हणाल्या. "मेलेलंच."

प्रसादाची पिशवी विलासनं झाडाच्या फांदीला अडकवली, पांढरीच्या बागेत शिरला आणि एका झाडाची काडी वाकवून पाहिली. ती वाकली.

रविवारी आम्ही मडकी उचलली. सोमवारी विलासनं मुरमाच्या बागेला पाणी सोडलं, आणि ती बाग अशी फुलली की वासानं माणसाचं डोकं जड व्हावं. अंगणात, उशाशी, डाळीतसुद्धा तो वास. पांढरीच्या बागेला मात्र पालवी आली. नुसती पालवी, लसलशीत, पोपटी, डोळ्यांना गारवा देणारी. रस्त्यानं जाणारे येणारे थांबून म्हणायचे, "काय हिरवा बगीचा हाय काकू, वा!" काकू म्हणायच्या, "हो." कोणी आत येऊन फांदी वर करून पाहिलं तरच कळायचं की त्यात एकही फूल नाही. विलास त्या बाजूनं जायचं टाळायचा. मी निघेपर्यंत तो माझ्याशी बोलला, पण कामापुरतं.

त्या टेकाडावर आता जवळजवळ काही उरलेलं नाही. आम्ही गेल्यावर पुढच्या वर्षांत उरलेली पांढरी ट्रॅक्टरनं गेली. एखाद्या नव्या बागेत तुम्हाला रेघारेघांचं लाल खापर दिसलं, तर ते तिथलं असेलच असं नाही. माणसं उठून जातात, मग त्यांची मातीही जाते. मला याचं फारसं दुःख करता येत नाही. त्या मातीवर कुणाची तरी झाडं उभी आहेत.

उरलेलं सांगायचं आहे ते चैत्रातलं. नागपूरला मडकी उघडली तेव्हा मी तिथं होते, आणि काय निघालं हे काकूंना दुसऱ्या कोणी सांगावं असं मला वाटेना. दुपारच्या बसनं सौंसरला उतरले, तिथून मिळेल त्या गाडीनं मळ्यात. काकू पांढरीच्या बागेत सावलीला बसून गहू निवडत होत्या. त्या वर्षी तेवढी दाट सावली दुसऱ्या कुठल्याच झाडांखाली नव्हती. विलास जवळच नळी दुरुस्त करत होता, त्यानं मान वर केली नाही.

"उघडलं काय?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. हाडं फार राहिली नव्हती, बहुतेक माती झाली होती. पण दात मिळाले. दुधाचे दात, ज्वारीच्या दाण्याएवढे, पांढरेशुभ्र, जसेच्या तसे.

काकूंचा हात सुपात थांबला. "दात आले होते काय त्याले?"

"नाही काकू. हिरड्यांच्या आतच होते. यायचे होते अजून."

काकूंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या.

"मंग बरोबर केलं त्याईनं," त्या म्हणाल्या. "दात न आलेल्या लेकराले जाळत नाही. आमच्याइथं बी नाही जाळत. मातीतच ठेवा लागते त्याले, मायच्या जवळ."

विलासच्या हातातली नळी खाली आली होती. त्या शनिवारपासून त्यानं मडक्यांबद्दल एक शब्द काढला नव्हता. आता तो म्हणाला, "मंग ताई, आता कुठं ठेवलं तुमी त्याले?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"कपाटात," मी म्हटलं. "खोक्यात घालून, कापसात. एकदम कोरडं आहे."

पलीकडे मुरमाच्या बागेत, जिथं फुलं गळून बारीक फळं धरली होती, तिथं पाणी चालू होतं, त्याचा आवाज येत होता. काकूंनी यंदा एकही फूल न धरलेल्या आपल्या झाडांकडे पाहिलं, मग जिथं आमचा खड्डा होता आणि आम्ही तो भरून गेलो होतो, त्या जागेकडे.

"मंग आपलं चुकलं, पोरी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा गहू निवडायला लागल्या.